पोरं खोटं बोलतात

रविवार, १२ जानेवारी २०२५

सकाळी साडेदहाला व्यसनमुक्ती केंद्राची गाडी आली. चार माणसं उतरली. माझा पोरगा चेतन गच्चीवर शेजारच्या पोरांबरोबर उत्तरायणाचा मांजा गुंडाळत होता. मीच वर जाऊन म्हटलं, खाली ये, काम आहे. तो अनवाणीच आला. जिन्यात त्याला धरलं तेव्हा आधी हसला, त्याला वाटलं कोणी मस्करी करतंय. मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड केलं. तसं करायचं, असं केंद्राच्या सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

केंद्र सुरतबाहेर पलसाण्याच्या पुढे, डाईंग मिलच्या मागे आहे. मी माझ्या गाडीवर मागोमाग गेलो. पाच-सहा कागदांवर सह्या केल्या. चष्मा घरी राहिला होता, सरांनी बोट ठेवलं तिथे केल्या. केंद्र चालवणारे गजेंद्र सर अकोल्याकडचे. बोलणं शांत, शर्ट पांढरा स्वच्छ. स्वतः कधीकाळी नशा करत होते म्हणाले, म्हणून विश्वास बसला. एकवीस दिवस भेट नाही, फोन नाही. "आणि एक लक्षात ठेवा, पाटीलभाऊ," ते म्हणाले, "पहिले दिवस पोरं खोटं बोलतात. मारतात म्हणतील, उपाशी ठेवतात म्हणतील. आईबाप विरघळले की पोरगं हातचं गेलं."

मी विरघळणार नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा. एम्ब्रॉयडरी मशीनवर बारा तासांची पाळी करायचा, जागं राहायला गोळ्या घ्यायचा, मग झोप येत नाही म्हणून दुसऱ्या गोळ्या. गेल्या सोमवारी त्याच्या आईने, रंजनाने, गोळ्यांचं पाकीट लपवलं म्हणून तिला ढकललं. ओट्याची कड लागून तिच्या डोक्याला तीन टाके पडले. त्याच रात्री ठरवलं.

घरी आलो तर रंजना दारातच बसलेली. एवढंच म्हणाली, "त्याना पायमा चप्पल बी नव्हती."

मंगळवार, १४ जानेवारी

आमची सगळी गोडादरा वस्ती गच्चीवर. आमच्याकडे तीळगूळ नाही, काही नाही. रंजना जेवली नाही.

दारू सोडून मला अकरा वर्षं झाली. तेव्हा आमच्या दारू सोडलेल्यांच्या बैठकीतले दगाभाऊ म्हणाले होते, रोज दोन ओळी लिही, म्हणजे स्वतःला फसवता येणार नाही. म्हणून ही वही. आज लिहितो की निर्णय बरोबर आहे. पुन्हा लिहितो, बरोबर आहे.

बुधवार, २२ जानेवारी

दुपारी लूमच्या खात्यात कामावर असताना सरांचा फोन आला. यंत्रांच्या आवाजात काही कळेना, म्हणून बाहेर येऊन बोललो. सर जरा घाईत वाटले. "तुमच्या पोराला लहानपणी फिट यायची का? दमा, हृदयाचं काही?" मी म्हटलं, कधीच नाही. "नक्की?" नक्की.  मागे कोणीतरी मोठ्याने काही म्हणत होतं, बादली की काय आपटल्याचा आवाज आला. मग सरांनी विचारलं, "नाव काय म्हणालात?" चेतन योगराज पाटील. "अच्छा, चेतन. नाही नाही, चेतन एकदम ठीक आहे." आणि फोन ठेवला.

एवढ्या पोरांमधून एकेकाच्या तब्येतीची चौकशी करतात. आमच्या खात्यात कारागीर ताप घेऊन उभा असला तरी शेठ विचारत नाही. रंजनाला सांगितलं, तर तिने एकदम विचारलं, "फिटनं काब्रं इचारं?" आता प्रत्येक गोष्टीला 'का' म्हटलं तर कसं चालायचं?

रविवार, २ फेब्रुवारी

पहिली भेट. पंधरा मिनिटं.

चेतन सुधारला आहे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोकं भादरलेलं, अंगावर धुतलेला टीशर्ट. आम्ही आत गेलो तसा उठून उभा राहिला. पूर्वी मी बोलत असलो तर मोबाईलमधून मान वर करायचा नाही. आता प्रत्येक गोष्टीला "जी". वाळला आहे बराच, पण नशा उतरली की आधी माणूस वाळतो, माझंही झालं होतं. पुढचा एक दात अर्धा तुटला आहे. बाथरूममध्ये घसरलो म्हणाला. मनगटांवर काळे वळ आहेत. सर म्हणाले, पहिल्या आठवड्यात पोरं स्वतःला इजा करतात, म्हणून पट्टी बांधावी लागते.

रंजनाने मेथीचे लाडू नेले होते. त्याने डब्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवल्यावर हात लावला. तीन लाडू न चावता खाल्ले. ही शिस्त मला एकोणीस वर्षांत लावता आली नाही. निघताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "थँक यू पप्पा, तुम्ही मला इथे आणलंत." मला रडू आवरेना. रंजना रडली नाही.

बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. रुक्मिणीबाई, परभणीकडच्या. नवरा-बायको दोघं बांधकामावर जातात. त्यांचा गणेश सतरा वर्षांचा, चेतनच्या आधी आठ दिवस दाखल झालेला. हातात त्याचा स्वेटर होता. "त्याला बडोद्याच्या शाखेत धाडलंय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "तिथं फोन लागत न्हाई. दादा, तुम्हाला म्हाईत हाय का बडोद्याला कुठं हाय ते?" मी सांगितलं, बाई, मोठी संस्था आहे, काळजी करू नका. त्यांना बरं वाटलं असावं. स्वेटर आतल्या माणसाकडे दिला आणि गेल्या.

सोमवार, ३ फेब्रुवारी

रंजनाशी वाद. म्हणते, "तो तोंडपाठ करेल बोली राहिंता. मन्हाकडे देखनाच नही." मी म्हटलं, तुझ्या डोक्याला टाके पडले, आता त्याला लाज वाटते, म्हणून पाहत नाही. त्यावर ती म्हणाली, "लाज वाटनारा डोया मी वळखस." आणि भांडी घासायला गेली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी



साडेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. "पप्पा, चेतन बोलतोय." इतका हळू आवाज की मी दोनदा हॅलो म्हटलं. "पप्पा, मला घेऊन जा. आजच या. इथे एक पोरगा" एवढंच बोलला. मी म्हटलं, चेतन, सरांनी सांगितलंय, असे फोन करायचे नाहीत. "पप्पा, सुनो ना, एक पोरगा होता, त्याला" आणि मी फोन कापला.

मी कापला. हीच ती वेळ, सरांनी आधीच सांगितली होती. इथे विरघळलो असतो तर महिन्याची मेहनत पाण्यात गेली असती.

लगेच सरांना कळवलं. "बरं केलंत, पाटीलभाऊ. असा बाप हजारात एक. कोणत्या नंबरवरून केला त्याने?" मी नंबर वाचून दाखवला. त्यांनी एकेक आकडा परत म्हणून लिहून घेतला.

रंजनाला सांगितलेलं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सरांचा फोन. तो नंबर केंद्रातल्या स्वयंपाकीण बाईचा होता, तिला काढलं. चेतनला थोडे दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं आहे, मन शांत व्हावं म्हणून. या महिन्यात भेट होणार नाही. मी म्हटलं, जसं तुम्हाला योग्य वाटेल.

 

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी आमच्या बैठकीला गेलो. शाळेच्या वर्गात रविवारी आम्ही दारू सोडलेले दहा-बारा जण बसतो. मी सगळ्यांसमोर चेतनबद्दल सांगितलं, फोन कापल्याचंही सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. दगाभाऊ सत्तरीचे, त्यांनीच मला पहिल्यांदा इथे आणलं. त्यांनी विचारलं,

"योगराज, तुला कोणी कोंडलं होतं का रे?"

मी म्हटलं, माझं वेगळं. मी मोठा माणूस होतो, समजत होतं.

"समजत होतं? गटाराच्या कडेला लोळत होतास तू. मी रोज येऊन शेजारी बसायचो. कधी हात तरी उगारला का? आणि पोरगा पुढे काय सांगत होता, ते ऐकायला काय झालं होतं तुला?"

मी मधूनच उठून आलो. रेल्वे लाईनच्या बाजूने आलो, तिकडून यायचं कारण नव्हतं. तिथे झोपड्यांत गावठी दारूच्या पोटल्या मिळतात हे मला माहीत आहे. वास आला आणि अकरा वर्षांनी तोंडाला पाणी सुटलं. किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. न घेता घरी आलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

त्याच नंबरवरून फोन आला, रंजनानेच उचलला. ती काढलेली स्वयंपाकीण, कमल नावाची. मी फोन हातातून घेतला. ती म्हणाली, "दादा, पोराला घेऊन जा. जास्त काही विचारू नका, मलाही पोरं आहेत." मी म्हटलं, तुम्हाला कामावरून काढलं म्हणून तुम्ही असं बोलता.  ती म्हणाली, "त्याला ताट खिडकीतून देतात. म्हणजे मी होते तोवर देत होते. आता कोण देतं, देतं की नाही, मला माहीत नाही."

कमलने आधी रंजनाला चेतनच्या फोनचं सांगितलं होतं; तिने विचारलं, त्याने या नंबरवरून फोन कधी केला होता? खोटं बोलता आलं नाही. सगळं ऐकून ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "तुमले पोऱ्या पाहिजे का त्या सरना शब्द?"

बुधवार, १९ फेब्रुवारी

रंजना मला न सांगता सरकारी दवाखान्यात गेली. बाईमाणूस एकटी, बस बदलून. चेतनच्या कपाटातली गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घेऊन गेली. तिथे व्यसनाचा वेगळा विभाग आहे, तरुण पोरांना तपासतात, औषध देतात, संध्याकाळी घरी पाठवतात. सुरतमध्ये हे आहे हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कुणाला.

डॉक्टरीणबाईंनी पाकिटं पाहिली आणि विचारलं, "या गोळ्या एकदम बंद केल्या? तिथे डॉक्टर आहे?" आम्ही कधी डॉक्टर पाहिला नाही. त्या म्हणाल्या, या हळूहळू कमी करायच्या असतात. एकदम तोडल्या तर फिट येते, जीवही जाऊ शकतो. आईवडिलांना पोराला एकट्याने भेटू न देणं तर कुठल्याच नियमात बसत नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

मी ही वही मागे उलटून पाहिली. २२ जानेवारी. सरांनी फिटबद्दल विचारलं होतं, आणि मग म्हणाले होते की चेतन ठीक आहे.

मग ते कोणाबद्दल विचारत होते?

गुरुवार, २० फेब्रुवारी

"मी जासू. तुमले येनं व्हई ते या," असं म्हणून रंजना पायात चपला घालू लागली. मी गाडी काढली.

फाटक बंद. सर आतूनच बोलले, आज भेटीचा दिवस नाही. मी म्हटलं, भेट नको, घरी न्यायला आलोय. त्यांनी गजाआडून कागद दाखवला, खाली माझी सही. तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय नेणार नाही, आवश्यक ती सक्ती करण्यास हरकत नाही. आज चष्मा होता. वाचलं.

"पाटीलभाऊ, तुम्ही तर समजूतदार माणूस," सर हसले. आवाज पहिल्या दिवशी होता तसाच शांत.

रंजना फाटकाच्या सळ्या धरून ओरडली, "चेतन! ओ चेतन!" वरच्या खिडक्यांना पत्रे ठोकले आहेत. सरांनी मागे वळून बोट वर केलं. लगेच वरून प्रार्थना सुरू झाली. वीस-तीस पोरांचे आवाज, एका सुरात, आधी हळू, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की रंजनाचं तोंड हलताना दिसत होतं पण काही ऐकू येत नव्हतं. आम्ही गेटपासून लांब झालो तेव्हाच प्रार्थना थांबली.

रुक्मिणीबाई तिथेच बाकावर होत्या. बडोद्याला जाऊन आल्या. अशी शाखाच नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, दगाभाऊ, आम्ही दोघं, रुक्मिणीबाई, कमलबाई. सगळे मिळून पोलिसांकडे गेलो. आत गेल्यावर तासभर बसवलं. मग कमलबाई खिडकीतून द्यायच्या ताटाचं सांगू लागली तसा साहेब लिहायचा थांबला आणि त्याने गाडी काढायला सांगितली.

एका हॉलमध्ये एकतीस पोरं होती. चेतन त्यांच्यात नव्हता. तो स्वयंपाकघरामागच्या कोठीत होता, तांदळाच्या पोत्यांमध्ये. दार उघडलं तरी बाहेर येईना. साहेब म्हणाला ये, मी म्हटलं ये. तो दाराच्या आत उभा राहून आमच्या मागे उभ्या असलेल्या गजेंद्र सरांकडे पाहत होता. शेवटी त्यांनाच विचारलं, "सर, निघू?"

रंजना आत गेली आणि त्याला कडेवर घेतल्यासारखं कवटाळून बाहेर आणलं. तिच्याहून हातभर उंच पोरगा. वजनच राहिलेलं नाही.

रजिस्टरमध्ये गणेशच्या नावापुढे लिहिलं आहे, २३ जानेवारी, पालकांच्या ताब्यात दिला. खाली इंग्रजीत झोकदार सही. रुक्मिणीबाईंनी ती बराच वेळ पाहिली. "मला तर अंगठाच येतो, साहेब," त्या म्हणाल्या.

बुधवार, २६ फेब्रुवारी

चेतन दवाखान्यात आहे. सलाईन, औषधं. माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्या खाटेवर कुणी खोकलं की ताठ बसतो.

जानेवारीच्या शेवटी पलसाण्याकडच्या कालव्यात एक बेवारस देह मिळाला होता. रुक्मिणीबाईंनी कपडे ओळखले. सरांना ताब्यात घेतलं आहे. ते सांगतात, पोरगा पळून गेला आणि कालव्यात पडला असेल. बदनामी नको म्हणून रजिस्टरमध्ये तसं लिहिलं, एवढीच चूक. वकील म्हणतो, पाहिलेला साक्षीदार नसेल तर महिन्याभरात सुटतील. बाकीच्या पोरांना आईबाप घेऊन गेले, कुणी तोंड उघडत नाही.

साहेबांनी माझ्या वहीतल्या २२ जानेवारीच्या पानाचा फोटो काढला. पुढची पानं उलटून ११ फेब्रुवारीचंही वाचलं. वाचून माझ्याकडे पाहिलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

चेतन शनिवारी घरी आला. गोळ्या कमी कमी करण्याचा तक्ता रंजनाने फ्रीजवर लावला आहे. दार बंद केलेलं त्याला चालत नाही.

आज दुपारी रंजना किराणा आणायला गेली होती. तो भिंतीला टेकून बसला होता. अचानक म्हणाला, "गणेशचे पाय मी धरले होते."

 तो सांगत गेला. चेतन तिथे गेला तेव्हापासूनच गणेशचे हात थरथरायचे. एका दुपारी तो पडला, अंग झटके देऊ लागलं. सर म्हणाले, नाटक आहे, उतरवा त्याचं नाटक. चार पोरांना बोलावलं. दोघांनी हात धरले, एकाला छातीवर बसवलं, पाय चेतनकडे. तोंडात टॉवेल कोंबला, आवाज होतो म्हणून. "पप्पा, जोर लागत होता खूप. मग एकदम जोर लागायचा बंद झाला. सर म्हणाले, बघा, संपलं नाटक. मग कुणालातरी फोन लावत होते."

गणेशच्या घरचा नंबर समजून बावीस तारखेला त्यांनी मला फोन लावला होता. त्या फोनवर मी नक्की, नक्की म्हणत होतो.

मी त्याचा हात धरायला गेलो, त्याने काढून घेतला. मी म्हटलं, बेटा, पोलिसांना एवढंच सांग की तू पाहिलंस. पाय धरल्याचं सांगू नकोस. उलटं तुझ्यावर येईल.

तो माझ्याकडे पाहत राहिला. दीड महिन्यात पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत.

"सर पण हेच करायचे," तो म्हणाला. "काय बोलायचं नि काय नाही, ते आधी सांगायचे."

गुरुवार, ६ मार्च

सकाळी चेतनने स्वतःच शर्ट इस्त्री केला. म्हणाला, ठाण्यात जायचंय. मी बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणाला नाही. तिथे पोहोचल्यावर म्हणाला, "तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. रंजना माझ्या शेजारी. समोरच्या बाकावर रुक्मिणीबाई आणि त्यांचे यजमान. त्यांना साहेबांनी बोलावलं होतं, एक पोरगा बोलायला तयार झालाय एवढंच सांगून. कोणता पोरगा ते त्यांना माहीत नव्हतं. चेतन आत गेलेला पाहून रुक्मिणीबाईंनी हात जोडले. "दादा, तुमच्या लेकराचे लई उपकार," त्या म्हणाल्या. रंजनाला मी मंगळवारीच सगळं सांगितलं होतं, तिने खाली मान घातली. 

एक तास चाळीस मिनिटं. मग दार उघडलं. साहेब म्हणाला, जबाब झाला, तुम्ही त्याला घेऊन जाऊ शकता. पुढे काय होईल ते सांगता येत नाही, पण त्याने कोणाच्या धाकाने केलं ते कोर्ट बघेल. मी उठलो. चेतन माझ्याकडे आला नाही. तो रुक्मिणीबाईंच्या समोर गेला आणि खाली फरशीवर बसला.

सगळं सांगितलं. थांबत थांबत, पण काही सोडलं नाही. पाय धरल्याचंही सांगितलं. रुक्मिणीबाईंचे यजमान उठून भिंतीपाशी गेले आणि भिंतीवर कपाळ टेकून उभे राहिले. मला वाटलं, बाई त्याला मारतील. मारावं असंही वाटलं, त्याला नाही, मला.

त्या हलल्या नाहीत. फक्त विचारलं, "पानी मागितलं का रे त्यानं?"

"सकाळी मागितलं होतं," चेतन म्हणाला. "द्यायचं नाही असं सांगितलेलं. मी दिलं नाही."

कॉरिडॉरमध्ये कोणीतरी हसत हसत गुजरातीत फोनवर बोलत गेलं. रुक्मिणीबाईंनी पदर नीट केला. चेतनच्या खांद्यावर हात ठेवला, मायेने की त्याने उठू नये म्हणून, मला सांगता येणार नाही.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "सकाळपासून सांग. उठला तव्हापासून."

आणि चेतन पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.